सिमला बीट: मामाच्या कपाटात सापडलेली एक तबकडी

झावबाची_वाडी

नमस्कार मंडळी. विषय आडवाटेचा आहे, पण जुन्या गाण्यांचे आणि जुन्या मुंबईचे दर्दी इथे भरपूर आहेत, म्हणून इथेच विचारतो.

गिरगावातली आमच्या आजोळची चाळ पुनर्विकासात जाते आहे. गेल्या रविवारी खोली रिकामी करायला गेलो होतो. मामा जाऊन अकरा वर्षं झाली, मामी ठाण्याला लेकीकडे असते, त्यामुळे त्याचं लोखंडी कपाट होतं तसंच होतं. खालच्या फळीवर सात-आठ एलपी निघाल्या. नाट्यगीतं, भीमसेनांच्या दोन, वसंतराव, कुमार. या सगळ्यांच्या मधोमध एक अशी निघाली की मी तिथेच फरशीवर बसलो. 'सिमला बीट ७०'. गाणी सगळी इंग्रजी, वाजवणारे सगळे भारतीय, आणि एका ग्रुपचंही नाव मी कधी ऐकलेलं नाही.

मामा बँकेत कारकून होता. चाळीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचा, भावगीतं आणि सिनेमाची गाणी. रॉक वगैरे शब्द त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. आणि कव्हरच्या आत घडी घातलेला एक कागद आहे. हिशेबाच्या वहीतलं पान. त्यावर इंग्रजी गाणं देवनागरीत लिहिलंय, वर लाल शाईने कॉर्ड, म्हणजे गिटारवर कुठले सूर एकत्र छेडायचे त्याच्या खुणा. बऱ्याच ओळींत प्रश्नचिन्हं आहेत. एका ओळीत तर चक्क 'मांड' हा शब्द दोनदा आलाय.

सिगारेटच्या नावाची ही तबकडी कशी निघाली, कुणी काढली, आणि आमच्या मामासारख्या माणसाकडे ती कशी आली असेल? कुणाला काही माहीत असेल तर सविस्तर लिहा, घाई नाही.

पेटीवाला

मांड? इंग्रजी गाण्यात राग मांड? मामा थोर होते हो.

कव्हरचे फोटो टाका, मागचाही.

काळी_पाच

झावबाची_वाडी, ती तबकडी आधी उभी ठेवा. आडवी एकावर एक रचून ठेवू नका, वाकतात. मग पुढचं वाचा.

सिमला हा इंपीरियल टोबॅको कंपनीचा सिगारेटचा ब्रँड. साठच्या दशकाची अखेर आणि सत्तरची सुरुवात या काळात कंपनी 'ऑल इंडिया सिमला बीट कॉन्टेस्ट' नावाची स्पर्धा भरवायची. तेव्हा बँड म्हणायची फारशी पद्धत नव्हती, 'बीट ग्रुप' म्हणायचे. ठिकठिकाणचे ग्रुप मुंबईत यायचे आणि षण्मुखानंद हॉलमध्ये वाजवायचे. त्यातल्या निवडक ग्रुपांच्या गाण्यांचे दोन संग्रह निघाले, एक ७० सालचा आणि एक ७१ सालचा. तुमच्याकडे पहिला आहे. दोन्ही मिळून बघितलं तर मद्रासचे कन्फ्यूजन्स, बंगलोरचे डायनासॉर्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, शिलाँगचे फेनटोन्स असा सगळा देश त्यात आहे. काही गाणी परदेशी ग्रुपांची, पण काही चक्क स्वतःची, आणि मला विचाराल तर तीच कान देऊन ऐकण्यासारखी.

आज हे वाचताना साधं वाटतं. पण त्या काळात आपल्याकडे रेकॉर्ड कंपन्यांचं सगळं लक्ष चित्रपट संगीताकडे, त्यानंतर शास्त्रीय आणि भक्तिगीतं. इंग्रजीत गाणाऱ्या, स्वतःची गाणी बांधणाऱ्या कॉलेजच्या पोरांना एलपी कोण देणार? सिगारेट कंपनीने जाहिरातीसाठी पैसा टाकला म्हणून हे आवाज तबकडीत उतरले. त्यातल्या कित्येक ग्रुपांची ध्वनिमुद्रित खूण म्हणजे या दोन तबकड्याच.

पुढे युरोपात दोन्ही संग्रह एकत्र करून सीडीवर आले आणि जगभरातले सायकेडेलिक, म्हणजे त्या काळच्या गुंगवणाऱ्या रॉक संगीताचे संग्राहक यांच्या मागे लागले. मूळ भारतीय प्रत मिळणं फार अवघड आहे. जपा तिला.

किंग्ज_सर्कल

मी गेलो होतो. षण्मुखानंदला. हा धागा वाचून काल रात्री झोप लागली नाही मला.

तेव्हा कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असेन. आमचं घर हॉलपासून पायी दहा मिनिटांवर. हॉल १९६३ साली झाला, म्हणजे अजून नवाच होता, आणि एवढं मोठं बंदिस्त सभागृह शहरात दुसरं नव्हतं. एरवी आम्हाला तो माहीत होता कर्नाटक संगीताच्या मैफलींसाठी. आदल्या आठवड्यात तिथे तमिळ मामी लोक कांजीवरम नेसून मांडीवर ताल धरून बसलेल्या पाहिलेल्या, आणि त्या दिवशी त्याच खुर्च्यांवर बेलबॉटमवाली पोरं पाय आपटत होती. कँटीनमध्ये मात्र तीच इडली, तीच फिल्टर कॉफी. केस वाढवलेला एक ड्रमर वाजवण्याआधी स्टीलच्या वाटीतून कॉफी पीत उभा होता, हे चित्र अजून डोळ्यांसमोर आहे.

आवाज. तो आवाज मी विसरू शकत नाही. आम्ही तोवर असलं संगीत रेडिओच्या शॉर्टवेव्हवर ऐकलेलं, मध्येच खरखर, मध्येच गायब. समोर उभ्या माणसाच्या हातातून तो आवाज निघतो आणि आपल्या छातीत येऊन लागतो, हे पहिल्यांदा कळलं. बाजूला बसलेला माझा मित्र रडायला लागला. का ते त्यालाही सांगता आलं नाही.

नंतर १९९० मध्ये हॉलला आग लागली. आता आहे ती वास्तू नव्याने उभी केलेली. त्यामुळे ते लाकूड, त्या खुर्च्या, काही राहिलं नाही. तबकडी राहिली म्हणताय तुम्ही, हे वाचून फार बरं वाटलं.

मोर्चेकरी

वाचतोय. एक मुद्दा मांडायचा आहे, कुणाला दुखवायचा हेतू नाही.

अशा संगीताला बरेच जण 'भूमिगत', म्हणजे अंडरग्राउंड, म्हणतात तेव्हा मला प्रश्न पडतो. सिगारेट कंपनीच्या पैशाने, मोठ्या हॉलमध्ये, इंग्रजीत वाजवलेलं संगीत भूमिगत कसं? याच मुंबईत १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. गिरणगावात, मैदानात, ट्रकच्या हौद्यात उभं राहून गायले. पोलीस मागे असायचे. त्यांचा आवाज किती थोडा ध्वनिमुद्रित झालाय! अमर शेखांचा पहाडी आवाज ज्यांनी समोर ऐकला ते सांगायचे की हजारोंच्या सभेत माईकची गरज पडायची नाही. मराठी माणसाने हळहळायचं तर त्या न निघालेल्या तबकड्यांसाठी हळहळावं, असं मला वाटतं.

वांद्रे_पश्चिम

मोर्चेकरी, तुमचं म्हणणं मनापासून पटतं, पण 'मोठ्या घरची इंग्रजी पोरं' असं जे त्यामागे येतं ते बरोबर नाही.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. घरात मराठीच बोलतो, आमची मराठी. माझे पप्पा आणि त्यांचे तीन भाऊ, सगळे वाजवायचे. पैसा नव्हता कुणाकडे. पप्पा सकाळी वर्कशॉपला जायचे, संध्याकाळी लग्नात ट्रम्पेट. वांद्र्याच्या गावठाणात प्रत्येक चार घरांमागे एक ड्रमसेट असायचा आणि तो अर्धा घरी बनवलेला. चर्चच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस. फादर नऊ वाजता दिवे बंद करायचे. बीट ग्रुपांतली बरीच पोरं अशाच घरांतली होती, गोव्याची, आमची, अँग्लो-इंडियन. हिंदी सिनेमाचा वाद्यवृंदसुद्धा बराचसा याच लोकांनी उभा केला, आणि पडद्यावर त्यांचं नाव फारसं आलं नाही. आमच्यासाठी ते फॅशनचं संगीत नव्हतं. रविवारचं जेवण होतं.

मोर्चेकरी

ताई, हे मला माहीत नव्हतं. 'इंग्रजी म्हणजे श्रीमंत' हे माझ्या डोक्यात होतं, ते काढून टाकतो. भूमिगत या शब्दाबद्दलचं म्हणणं मात्र कायम आहे.

अनुस्वार

बीट ग्रुपांत मराठी नावंही होती. नंदू भेंडे! आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे मराठी रंगभूमीचं घर. तो व्हेल्व्हेट फॉग नावाच्या ग्रुपमध्ये गायचा, नंतर सॅव्हेज एन्काउंटरमध्ये. १९७४ मध्ये ॲलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या इंग्रजी रॉक संगीतिकेत तो ज्युडास झाला. आणि तोच माणूस १९७८ मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, थिएटर ॲकॅडमीच्या रंगमंचावर उभा राहिला. मराठी नाटकात रॉकचा गळा आला तो असा. माझ्या मोठ्या बहिणीने तो प्रयोग पाहिला होता. ती सांगायची, पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकांत कुजबुज, आणि मध्यंतरापर्यंत पोरं त्याच्यासारखी मान हलवत होती.

२०१४ मध्ये गेला. त्याच्याबद्दल लिहिताना मराठी वर्तमानपत्रांनी नाटकाचं लिहिलं, इंग्रजी वर्तमानपत्रांनी रॉकचं लिहिलं. मला नेहमी वाटतं, एकाच माणसाचे दोन अर्धे मृत्युलेख वाचले आपण.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला. संतूर, बासरी, शहनाई. म्हणजे तो तिकडून आपले स्वर शोधत फोर्टात आलेला, आणि त्याच सुमारास दोन मैलांवर गिरगावात झावबाची_वाडी यांचे मामा तिकडचे कॉर्ड शोधत बसलेले.

टिळक_ब्रिज

मी पुढच्या पिढीचा. आमचं देऊळ म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव व्हायचा. उघडं थिएटर, लाकडी बाकं, पावसाळ्यात झालं की चिखल. सकाळी दादरहून डबा घेऊन निघायचो, आईला सांगायचो क्लास आहे. रात्री परतताना कानांत शिट्टी वाजत राहायची. मग शांतता क्षेत्राचा नियम आला. एका बाजूला कॉलेज, जवळ रुग्णालयं, त्यामुळे तिथले कार्यक्रम बंद पडले. रुग्णांना त्रास नको हे योग्यच होतं. पण शहराने दुसरी तशी स्वस्त जागा दिली नाही, आणि हे दुःख माझं आजही आहे.

तेव्हा आम्हाला वाटायचं, मुंबईत रॉक आमच्यापासून सुरू झालं. सिमला बीट हे नाव आज पहिल्यांदा वाचतोय. आमच्या आधी सोळा वर्षं षण्मुखानंदला कुणीतरी छाती फोडून वाजवत होतं आणि आम्हाला कुणी सांगितलंच नाही!

पेटीवाला

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक ग्रुपचे पेज आणि प्लँट १९७२ मध्ये कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये वाजवून गेले, हे तरी माहीत होतं का?

टिळक_ब्रिज

ते माहीत होतं. ते सगळ्यांना माहीत असतं. आपल्याच शहरातला कोण कुठे वाजवत होता हे माहीत नसतं, म्हणून तर जीव जळतो.

शेवंती

हे वाचून आनंद झाला, पण मला थोडं वेगळं बोलायचं आहे.

माझे बाबा फुप्फुसाच्या आजाराने गेले. कॉलेजात असताना सिगारेट लागली ती शेवटपर्यंत. सतराव्या-अठराव्या वर्षाच्या मुलांना आवडतं संगीत दाखवून त्यावर सिगारेटचं नाव लावायचं, हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. पाकिटावर धोक्याची सूचना छापायचा कायदाच १९७५ चा. जाहिराती आणि प्रायोजकत्वावर बंदी आली ती २००३ च्या कायद्याने. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाचं नावसुद्धा सिगारेटचं होतं, आठवा.

तबकडीतल्या मुलांचा दोष नाही यात. त्यांना वाजवायचं होतं आणि दुसरं कुणी व्यासपीठ दिलं नाही. पण कंपनीने 'संगीतावर उपकार केले' असं कृपया कुणी म्हणू नका.

काळी_पाच

शेवंतीताई, माझ्या पहिल्या प्रतिसादाचा सूर तसा वाटला असेल तर क्षमा मागतो. तुमचं बरोबर आहे. पैसा कुठून आला हे सांगताना तो कशासाठी आला होता हेही सांगायला हवं.

खटका

गिटारबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी लॅमिंग्टन रोडला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली तयार झालो. हा सगळा काळ मी त्या बाजूने पाहिला आहे.

परदेशी गिटार आणि ॲम्प्लिफायर आणायचं म्हणजे आयात परवाना आणि भरमसाट जकात. म्हणून पोरं काय करायची? कुणाचा काका बोटीवर असला तर त्याच्याकडून, नाहीतर कुणी परदेशी पाहुणा विकून गेला तर. बाकी सगळं इथेच जमवलेलं. वडिलांकडे हे ग्रुपवाले यायचे. सभेच्या लाउडस्पीकरचा ॲम्प्लिफायर गिटारला लावायचा असायचा. तो माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला, त्याची घडणच वेगळी. गिटार जोराने छेडली की आवाज फाटायचा. वडील तो फाटणारा आवाज दुरुस्त करायला निघायचे आणि पोरं ओरडायची, 'नका नका, तोच हवाय!' वडिलांना हे मरेपर्यंत समजलं नाही. 'दुकानात आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक, जे बिघाडाचे पैसे देतं', असं म्हणायचे.

आता मामांची हवाईयन गिटार. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवतात, तारा उंच असतात, त्यावर लोखंडी दांडी सरकवायची. बोटांनी तार दाबून कॉर्ड धरताच येत नाही. पण डोक्याकडची ती पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात, ती काढून बुटकी बसवली की तारा खाली येतात आणि तीच गिटार उभी धरून स्पॅनिशसारखी वाजवता येते. झावबाची_वाडी, गिटार आहे का अजून? असेल तर ती पट्टी बघा. घासलेली किंवा बदललेली दिसली तर समजा, मामा भावगीतांच्या पलीकडे गेले होते.

काळी_पाच

खटका, काय बोललात! आणि मीही एक तपासणी सांगतो.

तबकडी उजेडात तिरपी धरा. पूर्ण वाजवून झिजलेली तबकडी सगळीकडे सारखी करडी दिसते. पण कुणी एकच गाणं ऐकण्यासाठी सुई पुन्हा पुन्हा उचलून ठेवली असेल तर त्या जागी बारीक ओरखडे दाटून असतात, त्रिज्येच्या दिशेने आडवे. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई जड असायची, हाताने ठेवताना ती घसरायचीच. शब्द उतरवून घेणारा माणूस दर ओळीला सुई उचलतो. त्या कागदावरचं गाणं याच तबकडीवरचं असेल तर तबकडीच सांगेल कुठलं ते.

आणि कृपा करून ती जुन्या जड सुईच्या प्लेअरवर वाजवू नका. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, मऊ कापड, खोबणीच्या दिशेने गोल पुसायचं. लेबल भिजू द्यायचं नाही. सावलीत वाळवायची. मुंबईच्या हवेत कव्हरला बुरशी लागते, म्हणून नवीन आतली पिशवी घाला, पण जुनी टाकू नका. कागदावर काही लिहू नका, चिकटपट्टी तर अजिबात नाही.

सुरपाखरू

ऐकवा ना आम्हाला पण! कुठेतरी अपलोड करून टाका.

कलम_५७

सुरपाखरू, थांबा जरा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९७० ची तबकडी, म्हणजे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. त्यातल्या गीताचे आणि चालीचे हक्क आणखी वेगळे, ते रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे स्वतःकडे जतनासाठी ठेवा, घरी चार जणांना बसवून ऐकवा, पण जाहीर टाकू नका. यातले काही वादक हयात असतील. त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं तारुण्य वाटून टाकायचं नसतं.

किंग्ज_सर्कल

शेवटचं वाक्य मनाला भिडलं.

झावबाची_वाडी

मंडळी, चार दिवस गायब होतो कारण सांगण्यासारखं पुष्कळ घडलं. सगळ्यांचे खूप आभार. ओळीने सांगतो.

गिटार मामीने जपून ठाण्याला नेली होती. काल गेलो. खटका, तुम्ही म्हणालात तसंच! डोक्याकडची पट्टी मूळची नाही. हाताने कापलेली आहे, बहुतेक कंगव्याची किंवा कसल्याशा पांढऱ्या प्लास्टिकची, आणि एका बाजूला जास्त घासली गेलीय. मानेवर पहिल्या तीन पडद्यांपाशी लाकूड बोटांनी झिजून खोलगट झालंय. मामी म्हणाली, 'रात्री गॅलरीत बसायचे, फडकं कोंबून वाजवायचे, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.' लग्नानंतर दोन-तीन वर्षं चाललं ते, मग थोरली झाली, मग थांबलं. तिने कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही.

काळी_पाच, ओरखडे आहेत. दुसऱ्या बाजूला, एकाच गाण्यावर. बाकी तबकडी जवळजवळ चकचकीत. मित्राकडे चांगल्या प्लेअरवर एकदाच लावली, कागद समोर धरून. पहिल्या ओळीपासून जुळलं. अंगावर काटा आला.

मग खरी गोष्ट. कागद आईला दाखवला. तिचं वय आता ७४. तिने चष्मा लावला, पान बघितलं आणि म्हणाली, 'हे माझं अक्षर आहे.'

मला काही सुचेना. मी पन्नास वर्षं तिचं अक्षर बघतोय, पण हे कोवळं, गोल अक्षर ओळखलं नव्हतं. तिने सांगितलं ते असं. मामाला सूर पटकन सापडायचे, पण शब्द कळायचे नाहीत. हिचा कान तीक्ष्ण. दोघेही मराठी शाळेतले, इंग्रजी आठवीपासून पुढचं जेवढं असेल तेवढं. शेजारच्या वाडीतल्या एका मित्राकडे रेकॉर्ड प्लेअर होता. आजोबा पेढीवरून परतायच्या आधी, दुपारी, ही दोघं तिथे जाऊन बसायची. मामा सुई ठेवायचा, ही ऐकायची, लिहायची, 'पुन्हा' म्हणायची. तो पुन्हा ठेवायचा. म्हणजे ते ओरखडे आईच्या 'पुन्हा'चे आहेत.

तबकडी त्या मित्रानेच दिली, पुढे तो परदेशी गेला तेव्हा. मामा षण्मुखानंदलाही गेला होता, हे आईला पक्कं आठवतं, कारण त्याने तिचा छत्रीसाठी साठवलेला पैसा तिकिटाला नेला आणि तो पावसाळा तिने भावाच्या छत्रीत काढला.

आणि 'मांड'. मी विचारलं, आई, राग मांड का? ती हसली. म्हणाली, 'अरे, तो माणूस म्हणत होता माइंड, पण मला ऐकू यायचं मांड. मी तेव्हा गाण्याच्या क्लासला जायचे, नुकताच मांड शिकवला होता. मला वाटलं, साहेबांकडे पण असेल.'

पेटीवाला

पेटीसमोर बसून हे वाचलं. आता हात चालत नाहीयेत. मांड वाजवतो थोडा तुमच्या आईंसाठी.

वांद्रे_पश्चिम

आईला माझा नमस्कार सांगा. माझी आत्यासुद्धा भावांसाठी असेच शब्द लिहून द्यायची, फक्त रोमी लिपीत. ग्रुपच्या फोटोत ती कुठेच नाही.

मोर्चेकरी

झावबाची_वाडी, मी भूमिगत या शब्दावर अडून बसलो होतो. आजोबा परतायच्या आत, दुपारी, शेजारच्या वाडीत, हिशेबाच्या वहीच्या पानावर! माझा आक्षेप मागे घेतो.

आमच्याही घरी वडिलांच्या हातची कवनांची वही आहे, शाहिरांच्या कार्यक्रमांत ऐकून उतरवलेली. कित्येक शब्द चुकीचे आहेत, तेही ऐकून लिहिलेलेच. या रविवारी ती बाहेर काढतो.

काळी_पाच

किंग्ज_सर्कलकाका, तुमची हरकत नसेल तर एक विनंती. तुम्ही पाहिलेलं सगळं, आठवेल तसं, घरातल्या कुणालातरी फोनवर बोलून रेकॉर्ड करायला सांगा. कोण कुठे उभं होतं, काय घातलं होतं, तिकीट केवढ्याचं. झावबाची_वाडी, तसंच आईंचंही.

किंग्ज_सर्कल

नातीला सांगितलं आहे. शनिवारी येते म्हणाली. इडली करून ठेवतो.

झावबाची_वाडी

आईचं रेकॉर्डिंग काल सुरू केलं. पण पाचच मिनिटांत तिने मला थांबवलं आणि लाल पेन मागितलं. तिला कागदावरचा 'मांड' दुरुस्त करायचा होता. मी काळी_पाच यांचं ऐकून मूळ कागद दिला नाही, झेरॉक्स दिली. तिने पूर्ण गाणं परत लावायला लावलं, तीनदा 'पुन्हा' म्हणाली, आणि चार प्रश्नचिन्हं खोडली. 'मांड' मात्र शेवटी तसाच ठेवला. म्हणाली, राहू दे, दादाने तसंच गायलं होतं.